फक्त व्हिडिओ लावा, मधे बोलू नका

"गुड बॉय म्हणा."

मी म्हणाले, "गुड बॉय."

"पुन्हा."

"गुड. बॉय."

"बघा, मॅडम दोन शब्दांच्या मध्ये चहा पिऊन येतात," ती माइकवर म्हणाली आणि सभागृह हसलं.

जालन्यातल्या एका कॉलेजचं सभागृह. बी.ए.ची सगळी पोरं-पोरी, इंग्रजी विभाग, पहिल्या रांगेत संस्थेचे अध्यक्ष. माइक हातात धरून उभी होती ती अध्यक्षांची सून. पुण्याची, वर्षभरापूर्वी लग्न होऊन आलेली आणि आल्या आल्या इंग्रजी विभागाची सल्लागार झालेली. स्पोकन इंग्लिशची कार्यशाळा होती. मी त्याच विभागात उच्चारशास्त्र शिकवत होते, तासिका तत्त्वावर. म्हणजे जूनमध्ये नेमणूक द्यायची, एप्रिलमध्ये संपवायची, पुढच्या जूनमध्ये मर्जी असेल तर परत द्यायची. अशी नऊ वर्षं झाली होती.

"इंग्रज माणूस गुड बॉय म्हणत नाही," सूनबाई पोरांना समजावत होती. "तो गुब्बॉय म्हणतो. मॅडम, म्हणा."

मला हा नियम तिच्याआधीपासून माहीत होता. मी फळ्यावर तो शेकडो वेळा लिहिला होता. पण माझी जीभ 'गुड'वर थांबली ती थांबलीच. तिसऱ्यांदाही दोन शब्द सुटे सुटेच बाहेर पडले.

तेव्हा अध्यक्ष खुर्चीतूनच बोलले. त्यांना माइक लागत नाही.

"धनगराचं इंग्रजी हाय ते. एकेक मेंढरू मोजूनच वाड्यातून सोडणार."

आता सभागृह पहिल्यापेक्षा मोठ्यानं हसलं. सूनबाईनं तोंडावर बोटं ठेवली. माझ्या विभागातले दोन सर खाली मान घालून हसले. माझ्या वर्गातली पोरं हसली, कारण आता हसायला परवानगी होती.

मीही हसले. हे लिहिताना लाज वाटते, पण हसले. खाली उतरताना "थँक यू"सुद्धा म्हणाले. तेही सुटं सुटं.

माझी जीभ अशी का झाली ते सांगते. ती जन्मापासून अशी नव्हती.

आम्ही वाटूरच्या बाजूचे. आबा खतासाठी मेंढरं लोकांच्या शेतात बसवायचे, माय मागून संसार घेऊन. मी चौथीपर्यंत वस्तीच्या शाळेत होते. तिथं गुरुजी आमच्यासारखेच बोलायचे. पाचवीला मोठ्या शाळेत घातलं. पहिल्याच आठवड्यात सरांनी विचारलं, काल का आली नाहीस. मी उभी राहून म्हणाले, "सर, आबासंगं मेंढराकडं गेल्ते."

"गेल्ते म्हणजे काय?"

मला प्रश्नच कळला नाही. गेल्ते म्हणजे गेल्ते.

"शब्द खातेस? घरी भाकर मिळत नाही का?"

बागायतदारांची पोरं बाकं वाजवून हसली. सरांनी मला व्हरांड्यात उभं केलं आणि 'गेले होते' म्हणायला लावलं. 'गेले' म्हणून थांबायचं, त्यांनी छडी आपटली की मग 'होते'. मधल्या सुट्टीपर्यंत. माझा घसा सुकला. पाणी मागायलाही भीती वाटली, कारण पाणी मागतानाही काहीतरी खाल्लं जाईल असं वाटलं.

त्या दिवसापासून मी शब्द फोडून बोलायला लागले. एक शब्द पूर्ण, मग दुसरा. शेवटचं अक्षर नीट संपल्याशिवाय पुढचं सुरू नाही. दोन वर्षांत मी शाळेत सगळ्यात स्पष्ट बोलणारी पोरगी झाले. वक्तृत्वात बक्षिसं मिळाली. त्याच सरांनी माझी पाठ थोपटली. मला सर देवासारखे वाटायचे, हेही सांगून टाकते.

बारावीच्या वर्षी स्नेहसंमेलनात मला बक्षीस होतं. माय आली होती, धुतलेलं लुगडं नेसून. प्राचार्य समोर आले तशी माय आपणहून बोलली. आयुष्यात पहिल्यांदा ती एवढ्या मोठ्या माणसाशी बोलत असेल.

"लेकरू लई अभ्यास करून राह्यलं सायेब. म्या तिचं बक्षीस पाह्यला आल्ते."

आजूबाजूला माझ्या मैत्रिणी होत्या. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "माय, आल्ते नाही. आले होते म्हण."

मायनं पदर डोक्यावर नीट घेतला. मग म्हणाली, "बराबर हाय माय. चुकलं."

तेव्हापासून माय माझ्यासमोर मोजून बोलते. शेजारणीशी तिची टकळी चालू असते, मी उंबऱ्यात पाय ठेवला की बंद. फोन केला तर "बरी हाय" म्हणते आणि फोन भावाकडं देते. माझं लग्न झालं, दोन लेकरं झाली, तरी तेच. सरांनी मला एकदाच उभं केलं होतं. मी माझ्या मायला जन्मभर उभं केलं.

एम.ए.ला उच्चारशास्त्राचा पेपर होता. आमचे सर तो फळ्यावर शिकवायचे. खडूनं चिन्हं काढायची, बाण काढायचे, कोणता आवाज कशाशेजारी आला की काय होतं त्याचा तक्ता काढायचा. तोंडानं एकही शब्द म्हणून दाखवायचा नाही. मी एकदा विचारलं, सर, हे ऐकायला कसं लागतं. ते म्हणाले, "परीक्षेत उच्चार विचारत नाहीत, लिहायला विचारतात." खरंच होतं ते. आम्ही सगळे मराठवाड्यातले एम.ए. इंग्रजी असेच झालो. कानानं शिकायचं शास्त्र डोळ्यांनी शिकलो. पोहण्याचा तक्ता पाठ करून पहिल्या वर्गात पास झालेली माणसं आम्ही, विहिरीत कधी उतरलोच नव्हतो.

मला त्या पेपरात वर्गात सगळ्यात जास्त गुण होते. पुढं नऊ वर्षं मी तसंच शिकवलं. 'गुड'मधला ड हा ब शेजारी आला की ब होतो, फळ्यावर. 'नेक्स्ट डे'मधला ट गळतो, फळ्यावर. आणि वाचून दाखवताना मी एकेक अक्षर पूर्ण म्हणायचे, कारण अक्षर गिळणं म्हणजे अडाणीपणा, हे माझ्या हाडात गेलं होतं. फळ्यावरचा नियम आणि माझं तोंड ह्यांचा काही संबंध आहे, हे मला कधी सुचलंच नाही. आमच्याकडं कुणालाच सुचलं नव्हतं. सूनबाई येईपर्यंत.

कार्यशाळेनंतर दोन दिवसांनी प्राचार्यांनी बोलावलं. चांगले गृहस्थ, पण खुर्चीला चिकटलेले.

"मॅडम, वाईट वाटून घेऊ नका. सूनबाईंनी उच्चाराचे व्हिडिओ तयार केलेत. तास तुमचाच राहील, हजेरी तुम्हीच घ्या. तुम्ही फक्त व्हिडिओ लावा. मधे बोलू नका."

"बरं सर," मी म्हणाले.

का म्हणाले? कारण पुढच्या जूनची नेमणूक डोळ्यासमोर होती. वर्गात उभं राहणं सोडून मला जगात काही येत नाही. मेंढरामागं जायचं मी विसरले आणि दुसरं काही शिकले नाही. नेमणूक गेली की वर्ग गेला, आणि वर्ग गेला की मी कोण, ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. म्हणून बरं सर.

मग सुरू झाला तो प्रकार. मी हजेरी घ्यायची. पडदा सोडायचा. रिमोट दाबायचा. पडद्यावर सूनबाई, मागं हिरवी झाडं असलेल्या कुंड्या. ती बोलायची आणि मी कोपऱ्यात स्टुलावर बसायचे. पोरांनी काही विचारलं तर ओठांवर बोट ठेवून पडद्याकडं दाखवायचं. पहिल्या आठवड्यात पोरांना मजा वाटली. नंतर त्यांनी माझ्याकडं बघणंच सोडलं. पंखा असतो वर्गात, तशी मी होते.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. त्या व्हिडिओंतून मी पहिल्यांदा ऐकलं. जे नऊ वर्षं लिहिलं ते कानावर पडलं. ब म्हणायला ओठ मिटावेच लागतात, म्हणून आधीचा ड स्वतःच ओठ मिटून घेतो. 'टेन मिनिट्स' म्हणताना न चा म होतो, तोही म्हणूनच. 'पेन' म्हणताना प च्या मागं हवेचा झोत येतो, आणि त्याच प च्या आधी स लावला की झोत गायब होतो. एकही आवाज आपल्या मर्जीचा मालक नाही. शेजारी कोण उभा आहे ते बघून तो वाकतो, बदलतो, नाहीतर जागा सोडून जातो. मी एसटीत कानात वायर घालून हेच ऐकत वाटूरला घरी यायचे. ऐकताना वाटायचं, हे कुठंतरी ऐकलेलं आहे. कुठं, ते आठवायचं नाही.

ते आठवलं फेब्रुवारीत, दुपारच्या तासाला.

पडद्यावर 'नेक्स्ट डे' चाललं होतं. सूनबाईनं ते तीनदा म्हटलं, सुंदर म्हटलं. मधल्या बाकावरची एक पोरगी उभी राहिली. कुंभार पिंपळगावची, हॉस्टेलला राहणारी, कधी तोंड न उघडणारी. मी ओठांवर बोट ठेवायच्या आत ती बोलून गेली.

"मॅडम, त्या नेक्स डे म्हणून राह्यल्या. मंग ट कुठं गेल्ता?"

वर्ग फुटला. मागच्या बाकावरून "गेल्ता, गेल्ता" सुरू झालं. पोरगी लालबुंद झाली. आणि माझं तोंड उघडलं. 'गेला होता म्हण' हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. पंचवीस वर्षं तयार होतं. समोर कुणी असं बोललं की ते आपोआप यायचं.

ते बाहेर पडलं नाही. कारण त्याच क्षणी मला कळलं, ट कुठं गेला. 'गेला होता'मधला हो जिथं गेला, तिथं.

मी रिमोट दाबला. पडद्यावर सूनबाई अर्धं तोंड उघडून थांबली.

"आत्ता काय म्हणालीस ते परत म्हण," मी पोरीला म्हणाले.

"चुकलं मॅडम. गेला होता."

"नाही. आधी म्हणालीस तसंच."

ती म्हणेना. मान खाली घालून नखानं बाक खरवडत राहिली. मग मीच म्हणाले. मोठ्यानं, वर्गात, खडू हातात घेऊन. "गेल्ता." पाचवीतल्या त्या दिवसानंतर माझ्या तोंडातून असा शब्द पहिल्यांदाच निघाला. वर्ग परत हसला, आता माझ्यावर.

मी फळ्यावर तीन ओळी लिहिल्या. जगत् आणि नाथ, जगन्नाथ. नेक्स्ट आणि डे, नेक्स डे. गेला आणि होता, गेल्ता.

मग बोलले. "तिन्हीकडं एकच झालंय. एक आवाज दुसऱ्याशेजारी आला आणि जिभेनं सोपी वाट धरली. कुणी बदलला, कुणी गळाला. पहिल्याला आपण संधी म्हणतो आणि पाठ करून घेतो. दुसऱ्याला फ्लुएन्सी म्हणतो आणि त्याचे क्लास लावतो. तिसऱ्याला अडाणी म्हणतो आणि पोरीला उभं करतो. जिभेनं तिन्ही वेळा एकच काम केलं. नावं तुम्ही ठेवली. आम्ही ठेवली. मी स्वतः ठेवली."

अर्धा तास बोलले. शब्द फोडले नाहीत. थांबले नाहीत. माझंच बोलणं मला अनोळखी वाटत होतं आणि छातीत काहीतरी मोकळं होत होतं.

एखाद्या गोष्टीत इथं सगळा वर्ग उठून टाळ्या वाजवतो. माझ्या वर्गात एका पोरानं हात वर केला आणि विचारलं, "मॅडम, हे परीक्षेला आहे का?" मी नाही म्हणाले. त्यानं वही मिटली. त्याचं बघून बाकीच्यांनीही मिटल्या.

तास संपल्यावर ती पोरगी जिन्यात भेटली. मला वाटलं काही विचारेल.

"मॅडम, तुमी मला कशाला परत उभं केलं? आता पोरं मला गेल्ताच म्हणून राह्यलेत."

तिचं म्हणणं बरोबर होतं. मला सापडलेलं खरं होतं, पण त्याची शिक्षा तिला झाली. दुसऱ्या दिवशी ती शेवटच्या बाकावर बसली. महिन्याभरात तिनं विषय बदलून घेतला. आजही जालन्यात कुठं दिसली तर रस्ता बदलते.

वर्गातल्या कुणीतरी मोबाइलवर सगळं उतरवून घेतलं होतं. ते सूनबाईपर्यंत पोचायला एक संध्याकाळ पुरली. मला प्राचार्यांच्या खोलीत बोलावलं. अध्यक्ष प्राचार्यांच्या खुर्चीत, प्राचार्य बाजूच्या स्टुलावर, सूनबाई खिडकीपाशी.

"बाई, तुमाला सांगितल्तं ना, बोलायचं न्हाई म्हणून?" अध्यक्ष म्हणाले.

सांगितल्तं. अध्यक्षांनीही हो गिळला होता. मी इकडंतिकडं बघितलं. कुणी हसलं नाही. प्राचार्य मान डोलावत होते. त्या खोलीत मला शेवटची गोष्ट कळली. हसू आवाजावर येत नाही, आवाज कुणाच्या तोंडातून आला त्यावर येतं. इतकं साधं आहे ते. आणि हे मला कोणत्याच पेपरात नव्हतं.

टेबलावर टाइप केलेला कागद होता. मी व्हिडिओ बंद पाडून वर्गात अशुद्ध भाषा शिकवली, विद्यार्थ्यांची दिशाभूल केली, त्याबद्दल बिनशर्त माफी मागते. खाली माझं नाव आणि सहीपुरती जागा.

प्राचार्य हळूच म्हणाले, "सही करा मॅडम. जूनची ऑर्डर मी स्वतः काढतो. असले कागद कुणी वाचत पण नाही."

पेन माझ्या हातात दिलं. मी कागद दोनदा वाचला. टाइप करणाऱ्यानं प्रत्येक शब्द सुटा आणि स्वच्छ टाइप केला होता. मी पेन टेबलावर ठेवलं.

"सर, म्या चुकीचं शिकवलं न्हाई. सही करणार न्हाई."

"आली, मूळ भाषेवर आली," अध्यक्ष हसून म्हणाले.

"हो," मी म्हणाले.

सूनबाईनं मोबाइलमधून डोकं वर न काढता सासऱ्यांना सांगितलं, "लेटर गो." लेट हर गो. हर मधला ह तिनं बरोबर गिळला. नियमाप्रमाणे. मी दार ओढून घेतलं आणि बाहेर आले.

जूनमध्ये ऑर्डर आली नाही. दुसऱ्या दोन कॉलेजांत मुलाखती दिल्या. संस्था वेगळ्या, सोयरे तेच. माझ्याआधी माझी गोष्ट तिथं पोचलेली असते. एकानं तर विचारलंच, "त्या व्हिडिओवाल्या मॅडम तुम्हीच का?" नवरा काही म्हणत नाही, पण जेवताना त्याची नजर ताटात असते. एकदाच म्हणाला, "एका सहीनं काय झालं असतं?" त्याला उत्तर देता येईल, पण त्यानं पोट भरत नाही.

मायकडं गेले. ती ओसरीवर शेंगा फोडत होती. तिच्याजवळ बसले आणि कितीतरी वर्षांनी तिच्या बोलीत म्हणाले, "माय, म्या मागल्या आठवड्यात पण आल्ते, तू घरी न्हवती."

तिचे हात थांबले. तिनं आधी दाराकडं बघितलं, कुणी ऐकलं का म्हणून. मग खालच्या आवाजात म्हणाली, "आले होते म्हण माय. लोकं हासतील."

तिनं ते सुटं सुटं म्हटलं. आले. होते. मी शिकवलं होतं तसं. मला रडता आलं नाही. मी शेंगा फोडत बसले.

तिचं मोकळं बोलणं परत येईल असं मला वाटत नाही. ती पोरगी माझ्याशी बोलेल असंही वाटत नाही. अध्यक्ष अध्यक्ष राहतील. व्हिडिओ ह्या वर्षी दुसरी कुणी बाई लावते, कोपऱ्यात बसून. माझ्यासारखीच असेल, नेमणुकीवर. मी तिला दोष देत नाही.

पुढच्या महिन्यात अंबडच्या बाजूला आणखी एक मुलाखत आहे. मी जाणार आहे. ते नाव विचारतील, गाव विचारतील, आधीची नोकरी का सुटली ते विचारतील. मी जशी बोलते तशी बोलून सांगणार आहे, एकही शब्द न फोडता. वर्ग मिळणार नाही, हे मला इथूनच दिसतं. मिळालाच, तर त्या वर्गात कुठल्याही लेकराला आईच्या बोलीसाठी उभं केलं जाणार नाही. करायचं असेल तर आधी मला उभं करावं लागेल, आणि मी बसणार नाही. तो टाइप केलेला कागद अजून त्यांच्या कपाटात आहे असं ऐकते. असू दे. त्यावर माझी सही त्यांना मिळणार नाही.